एकाच मतपत्रिकेवरचे दोन प्रश्न

प्रश्न : आम्ही मिसुरी राज्यात सेंट लुईसजवळ राहतो. मला आणि माझ्या पतींना नुकतेच अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले असून २०२६ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही प्रथमच मतदान करणार आहोत. आमची एकोणीस वर्षांची मुलगी शेजारच्या इलिनॉय राज्यात शिकते. सुट्टीत ती घरी आली की जेवणाच्या टेबलावर वाद ठरलेला असतो. गर्भपाताचा प्रश्न सोडून दुसरे काही पाहून मत देणे तिला पटत नाही. तर न्यायालयाच्या निकालाचा काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, निवडणुकीशी काय संबंध, मत महागाई आणि करांवर द्यायचे असते, असे ह्यांचे म्हणणे. भारतातून आलेल्या सासूबाईंना तर हा विषय मुलींसमोर निघणेच आवडत नाही. मी कोणाची बाजू घ्यावी?

उत्तर : बाजू घेण्याआधी तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तो प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तुमच्याच राज्यात सापडते. २४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डॉब्स खटल्याचा निकाल देऊन १९७३ च्या रो विरुद्ध वेड या निकालाने गर्भपाताच्या हक्काला दिलेले संरक्षण काढून घेतले आणि हा विषय राज्यांच्या व लोकप्रतिनिधींच्या हाती सोपवला. त्याच दिवशी, निकालानंतर काही मिनिटांतच, मिसुरीचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य कायदा अधिकारी, एरिक श्मिट यांनी राज्यातील गर्भपातबंदी लागू झाल्याचे जाहीर केले. श्मिट त्या वेळी सिनेटचे, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, उमेदवार होते आणि नोव्हेंबरमध्ये ते निवडूनही आले. ज्या न्यायमूर्तींनी हा निकाल दिला, त्यांच्या नेमणुकांना मान्यता सिनेटनेच दिली होती. त्याआधी मे महिन्यात गर्भपाताचा हक्क देशभर कायद्याने राखण्याचे विधेयक याच सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी अडले होते. तेव्हा संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे.

मात्र या निकालाने मतदारांवर नेमका काय परिणाम केला, हे पाहिले तर तुमच्या मुलीलाही थोडे थांबून विचार करावा लागेल. २०२२ ची मध्यावधी निवडणूक निकालानंतर साडेचार महिन्यांनी झाली. (सासूबाईंना सांगा, इथे मध्यावधी म्हणजे सरकार पडल्यामुळे घेतलेली निवडणूक नव्हे, राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर ती ठरल्या वेळी होतेच. आणि काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, संसद.) राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाला अशा निवडणुकीत सहसा जबर फटका बसतो, पण त्या वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या आणि गर्भपाताच्या हक्काची बाजू घेणाऱ्या डेमोक्रॅट पक्षाने सिनेट राखले आणि प्रतिनिधीगृह, म्हणजे कनिष्ठ सभागृह, थोडक्यात गमावले. देशभरातील मतदानोत्तर चाचणीत ३१ टक्के मतदारांनी महागाई हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सांगितला आणि २७ टक्क्यांनी गर्भपात. म्हणजे तुमच्या टेबलावरचा वाद त्या वर्षी बहुधा देशभर चालला होता. पेनसिल्वेनिया आणि मिशिगनमध्ये मात्र गर्भपाताने महागाईला मागे टाकले, आणि मिशिगनमध्ये तर हा हक्क राज्यघटनेत घालण्याचा प्रश्न त्याच मतपत्रिकेवर होता. याउलट न्यूयॉर्कमध्ये हा हक्क कायद्याने आधीच सुरक्षित होता. तिथे गुन्हेगारीची चर्चा अधिक रंगली आणि डेमोक्रॅट पक्षाने प्रतिनिधीगृहाच्या जागा गमावल्या. ज्याच्या दाराशी धोका आला तो त्यावर मत देतो, ज्याचे दार बंद आहे तो बाजारभाव पाहतो, असा याचा अर्थ मी लावतो.

२०२४ मध्ये याहून विलक्षण गोष्ट तुमच्या मिसुरीत घडली. गर्भ आईच्या शरीराबाहेर जगू शकण्याच्या टप्प्यापर्यंत गर्भपाताचा हक्क देणारी राज्याची घटनादुरुस्ती सुमारे ५२ टक्के मतांनी मंजूर झाली, आणि त्याच कागदावर त्याच मतदारांनी या हक्काचे कडवे विरोधक असलेले सिनेटर जॉश हॉली यांना पुन्हा निवडून दिले. मोंटाना राज्यातही अशीच दुरुस्ती मंजूर झाली आणि तिला पाठिंबा देणारे डेमोक्रॅट सिनेटर जॉन टेस्टर पराभूत झाले. पक्षांचे हिशेब इथे चुकतात. हजारो मतदारांनी या प्रश्नाचा निकाल एका ओळीत लावला आणि प्रतिनिधी निवडताना दुसऱ्याच गोष्टी पाहिल्या. यात विसंगती आहे असे तुमची मुलगी म्हणेल, आणि तिचे काही अंशी खरे आहे, कारण मिसुरीच्या विधिमंडळाने २०२५ मध्येच, ती दुरुस्ती रद्द करून काही अपवादांसह बंदी परत आणण्याचा प्रस्ताव २०२६ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांपुढे ठेवण्याचे ठरवले. एका ओळीत दिलेले दुसऱ्या ओळीतून परत घेतले जाऊ शकते.

सासूबाईंच्या अवघडलेपणाकडे रागाने पाहू नका. महाराष्ट्रात त्यांच्या पिढीने ‘गर्भपात’ हा शब्द ऐकला तो मुख्यतः मुलगी नको म्हणून होणाऱ्या पापाच्या संदर्भात. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला. पण त्याच पिढीला १९७१ च्या कायद्याने वैद्यकीय गर्भपाताची सोय मिळाली, आणि त्या कायद्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. हे दोन वेगळे विषय आहेत, एवढे त्यांना शांतपणे सांगितलेत तर नातीशी त्यांचा संवाद सुरू होईल, असे मला वाटते. निदान नातीने आजीला एकदा विचारावे, तुमच्या वेळी बायका काय करत असत?

आता तुमच्यापुरते सांगतो. तुम्ही कोणाचीच बाजू घेऊ नका, कारण मत तुमचेही आहे. आपल्या घरांत एक खोड मी वारंवार पाहिली आहे : टपाली मतपत्रिका आल्या की यजमान दोन्ही स्वतः भरतात आणि बायकोपुढे पेन धरून म्हणतात, ‘इथे सही कर फक्त.’ प्रेमाने, कामाचा उरक म्हणून केले तरी ते चुकीचेच आहे. मुलगी बाहेर राहत असली तरी घरच्या पत्त्यावर मतदार राहू शकते किंवा कॉलेजच्या पत्त्यावर नाव नोंदवू शकते, मात्र दोन्हीकडे नाही. मिसुरीच्या या नव्या प्रस्तावावर मत द्यायचे असेल तर तिला मिसुरीचीच मतदार राहावे लागेल, आणि परगावी असल्याच्या कारणाने टपालाने मत पाठवताना लिफाफ्यावर नोटरीची सही लागते, हे तिला सप्टेंबरमध्येच सांगून ठेवा. सासूबाईंनी, आणि ग्रीन कार्ड किंवा एच-१बी वर असलेल्या कोणाही नातलगाने, नोंदणीचा अर्ज गंमत म्हणूनही भरू नये. त्यामुळे पुढे नागरिकत्वच धोक्यात येऊ शकते.

काउंटीचे निवडणूक कार्यालय नमुना मतपत्रिका आधी उपलब्ध करून देते. तिच्या तीन प्रती छापा आणि प्रत्येकाने आपापल्या खोलीत बसून आपली भरावी. प्रतिनिधीगृहाचा उमेदवार आणि घटनादुरुस्तीचा हा प्रस्ताव या दोन ओळींसमोर प्रत्येकाने आपले कारण एका वाक्यात लिहावे. त्या प्रती एकमेकांना दाखवायच्या की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. तुमची तुम्ही यजमानांना दाखवलीच पाहिजे असे काही नाही.