टर्मिनल बदलल्यावर रंग सुधारतील का?

प्रश्न: मॅकबुकवर विम (टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत चालणारा टेक्स्ट एडिटर) वापरतो, मॅकओएस १४ आहे. सोलराइज्ड नावाच्या रंगसंगतीची डार्क थीम २५६ रंगांच्या सेटिंगवर लावलीय. मित्राच्या लिनक्सवर तीच थीम मस्त गडद निळसर दिसते आणि माझ्याकडे बॅकग्राउंड चक्क राखाडी! थीम तीनदा काढून परत टाकली, काही फरक नाही. टर्मिनलच बदलू का? काम सगळं टीमक्समध्ये (एकाच खिडकीत अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्राम) असतं.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: हो, बदलाच. थीम कितीही वेळा टाकलीत तरी हे सुटणार नाही, कारण २५६ रंगांत तुम्हाला हवा तो रंग मुळात नाहीच. त्या २५६ मधले १६ बेसिक, २४ राखाडी आणि उरलेले २१६ लाल-हिरवा-निळा यांच्या प्रत्येकी सहा पायऱ्यांतून बनतात, आणि या पायऱ्या ०, ९५, १३५, १७५, २१५, २५५ अशा आहेत. म्हणजे ० नंतर थेट ९५! सोलराइज्डचं बॅकग्राउंड आहे लाल ०, हिरवा ४३, निळा ५४, ते नेमकं या मोठ्या फटीत पडतं, मग जवळचा म्हणून थीम २८-२८-२८ हा राखाडी उचलते. डार्क थीमवाल्यांनाच हा त्रास जास्त होतो तो यामुळे.

ट्रूकलरमध्ये, म्हणजे लाल-हिरवा-निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असलेल्या मोडमध्ये, १,६७,७७,२१६ रंग मिळतात. मॅकच्या स्वतःच्या टर्मिनलमध्ये ते २०२५ च्या मॅकओएस २६ पासून आलं, १४ वर नाही, म्हणून आयटर्म२ हे दुसरं टर्मिनल टाका. किटी, अलॅक्रिटी, घोस्टी यांतही ट्रूकलर आहे, पण पहिल्यांदा बदलताय तर आयटर्म२ सोपं, सेटिंग्ज सगळ्या मेनूत सापडतात. किटी घेतलंत आणि एसएसएचने (दुसऱ्या संगणकावर दुरून लॉगिन करायची सोय) जुन्या सर्व्हरवर गेलात की तो बऱ्याचदा हे टर्मिनल ओळखतच नाही, मग बॅकस्पेससुद्धा नीट चालत नाही.

नुसतं टर्मिनल बदलून मात्र भागणार नाही, विममध्ये टर्मगुइकलर्स ही ट्रूकलरची सेटिंग ऑन करावी लागेल आणि थीमही बदलावी लागेल, कारण सोलराइज्डचं मूळ प्लगिन २०११ चं, विमला ट्रूकलर आलं २०१६ मध्ये, त्यामुळे ते प्लगिन या मोडमध्ये नीट चालत नाही. सोलराइज्ड८ टाका, रंग तेच आहेत.

आता टीमक्स, लोक इथेच अडकतात. टर्मिनल ट्रूकलर, विम ट्रूकलर, पण मधल्या टीमक्सला ते सांगितलेलं नसेल तर तो रंग परत २५६ वर आणून ठेवतो. त्याच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंग्जच्या फाइलमध्ये) बाहेरच्या टर्मिनलला ट्रूकलर येतं हे सांगणारी ओळ घाला आणि टीमक्स पूर्ण बंद करून चालू करा, नुसतं डिटॅच करून (टीमक्स मागे चालू ठेवून बाहेर पडून) उपयोग नाही. बॅशआरसीत (बॅश शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) टर्म व्हेरिएबल, म्हणजे टर्मिनल कोणतं ते सांगणारं नाव, हाताने सेट केलं असेल तर तेही काढून टाका प्लीज, ते ठरवायचं काम टर्मिनलचं आणि टीमक्सचं.

तपासायला लाल ते हिरवा अशी ग्रेडियंटची पट्टी छापणारी छोटी स्क्रिप्ट आधी टीमक्सच्या बाहेर चालवा, मग आत. बाहेर पट्टी सलग आणि आत पायऱ्या-पायऱ्या दिसल्या तर घोळ टीमक्सच्या कॉन्फिगमध्येच आहे.