वही बारीक का झाली?

"मॅडम, मार्कांवरून आम्ही तिला कधीच बोललो नाही. तरी ती चुकायला एवढी का घाबरते?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर येतो. विचारणारे आईबाबा खरं तेच बोलत असतात. घरात मारझोड नसते, कुणाशी तुलना नसते. म्हणून तर ते जास्त गोंधळलेले असतात.

जुलैमध्ये आलेल्या एका आईनं प्रश्नासोबत वहीही आणली होती. मुलगी सातवीत, वर्गात पहिल्या तिनांत. नाव बदलून तिला इथे सई म्हणते. गणिताची शंभर पानी वही, शाळा सुरू होऊन जेमतेम पाच आठवडे झालेले, आणि वही निम्मी उरलेली. पिना सैल, मधली पानं लोंबत होती. एखाद्या गणितात खाडाखोड झाली की सई अख्खं पान फाडायची आणि त्यावरचं सगळं पुन्हा उतरवून काढायची. त्यात रात्रीचे साडेअकरा वाजायचे. चाचणीत ज्या गणिताची खात्री नाही, ते ती कोरं सोडायची. चाचणीच्या दिवशी सकाळी पोट दुखायचं. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघालं नव्हतं.

सईशी मी एकटीशी बोलले. "चुकलं तर काय होईल गं?"

बराच वेळ ती बोटं मोडत बसली. मग म्हणाली, "सगळ्यांना कळेल."

"काय कळेल?"

"की मी हुशार नाहीये."

या घरात सईला कुणी रागावत नव्हतं. तिचं कौतुक मात्र भरपूर होत होतं, आणि सगळं एकाच शब्दात. आजी, आत्या, शेजारच्या काकू, सगळ्यांच्या तोंडी "आमची सई हुशार". हुशारी ही तिची ओळख झाली, आणि प्रत्येक चूक त्या ओळखीवर डाग. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना कोडी दिली होती. सोडवून झाल्यावर काहींना सांगितलं 'तू हुशार आहेस', काहींना 'तू मेहनत घेतलीस'. पुढे मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी आली, तेव्हा 'हुशार' म्हटलेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली. अनोळखी मुलांना आपले गुण लिहून कळवायचे होते, त्यातही या गटातल्या बऱ्याच मुलांनी ते वाढवून लिहिले. मला ही मुलं खोटारडी वाटत नाहीत. सईसारखीच ती पानं फाडत होती.

माझा पहिला उपाय फसला. रोज एक चूक मुद्दाम कर आणि तशीच ठेव, असं मी सईला सांगितलं होतं. तिनं वहीच्या शेवटच्या पानावर सात दिवसांच्या सात चुका आणल्या, पट्टीनं चौकटी आखून, सुंदर अक्षरात. मुद्दाम केलेल्या चुकीत भीती कुठून असणार? ती मलाही 'बरोबर उत्तर'च देत होती.

मग आम्ही नवी शंभर पानी वही घेतली आणि दोघींनी बसून पानांना 1 ते 100 नंबर घातले. पेन्सिल नाही, पेननंच लिहायचं. चुकलं तर त्यावर एकच तिरकी रेघ, आतलं वाचता येईल अशी, आणि शेजारी 'इथे अडले' एवढंच. दर पंधरा दिवसांनी ती वही माझ्याकडे येणार. मी बरोबर-चूक तपासणार नव्हते, फक्त पानं मोजणार होते.

आईला सांगितलं, 'किती मिळाले' आणि 'हुशार' हे दोन्ही काही दिवस बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा, आज कुठे अडलीस? मग काय करून पाहिलंस? नुसतं "छान प्रयत्न केलास" म्हणू नका. गणित सुटलं नाही हे मुलांना दिसत असतं, आणि मग ते शब्द त्यांना पोकळ वाटतात.

तिसऱ्या भेटीत आई एकदम थांबली. म्हणाली, "पहिलीत असताना हिचं अक्षर वेडंवाकडं आलं की मीच पान फाडायचे. परत लिही म्हणायचे." तिला रडू आलं. मी तिला पाणी दिलं. सवय कुठून आली हे कळणं मोलाचं होतं, पण त्यासाठी आईला आरोपी करायची गरज नव्हती. तिच्या लहानपणी तिचीही पानं अशीच फाडली गेली होती.

घरानं एवढं करून भागणार नव्हतं. अमेरिकेत नववीच्या 12 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर केलेला, 2019 साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. बुद्धी वाढवता येते हे मुलांना थोडक्यात समजावल्यानं कमी गुण असलेल्यांचे गुण वाढले, पण थोडेच. आणि ज्या शाळांतल्या मुलांमध्येच आव्हान घेण्याची रीत होती, तिथे गुण जास्त सुधारले. म्हणून मी गणिताच्या सरांना भेटले. खाडाखोडीला ते एक गुण कापायचे, शिस्त लागावी म्हणून. एका तिरक्या रेघेला गुण कापणार नाही, हे त्यांनी मान्य केलं. पुढे त्यांनी आपणहून आणखी एक गोष्ट केली. पूर्णांकांचा गुणाकार चालू होता. दर शनिवारी ते एक चुकलेलं गणित नाव न सांगता फळ्यावर लिहायचे आणि ऋण चिन्ह कुठे निसटलं ते मुलांना शोधायला लावायचे. सगळ्यात आधी सईचा हात वर जायचा. चूक कुठे होते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

इथे थोडं थांबून सांगते. मुलाची झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवण सुटलं असेल, 'मी नसलेलीच बरी' असं काही तोंडून निघालं असेल, तर वही-पेनात वेळ घालवू नका. लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तो मोफत आहे.

सहामाहीत सईनं एकही प्रश्न कोरा सोडला नाही. एका चार गुणांच्या गणितात चिन्ह चुकलं, उत्तर चुकलं, पायऱ्यांचे दोन गुण मिळाले. तो पेपर तिनं आईला आपणहून दाखवला. त्या रात्री ती रडलीही, पण पेपर फाडला नाही.

ऑगस्टमध्ये मात्र एकदा पानं कमी भरली होती. "17 नंबरचं फाडलं," ती खाली बघत म्हणाली. मी फक्त नोंद केली. फेब्रुवारीत वही 83 नंबरपर्यंत आली तेव्हा ते पान सुटून तिच्या हातात आलं. पिनेच्या वहीत ते 17 चं जोडीचं पान. सईनं ते सेलोटेपनं चिकटवलं, थोडं वाकडं बसलं, आणि त्याच्यावरच पुढचं गणित सोडवलं.