स्कोअर अडकलाय, रायफल बदलू का?

तुम्ही विचारलंय की १० मीटर एअर रायफलचा स्कोअर बरेच महिने एकाच जागी अडकलाय, तर महागडी मॅच रायफल (स्पर्धेसाठी बनवलेली) घेतली की वाढेल का, म्हणजे दोष रायफलचा की तुमचा.

पैसे काढायच्या आधी आहे त्या रायफलची परीक्षा घ्या. बसून, पुढचा भाग सँडबॅगवर टेकवून, एकाच डब्यातल्या पेलेटनी (छर्ऱ्यांनी) दहा शॉट मारा. तीन नको, तीन शॉट कधीही नशिबाने चिकटून पडतात आणि माणूस उगाच खूश होतो. (स्प्रिंगवाली असेल तर बॅगेवर आधी आपला हात आणि हातावर रायफल, थेट टेकवली की ती उडते आणि ग्रुप, म्हणजे शॉटच्या छिद्रांचा पसारा, फाटतो.) मग तेच दहा शॉट उभं राहून.

समजा टेकवून ५ मिमीचा ग्रुप आला आणि उभं राहून २० चा. हे पसारे सरळ बेरजेने वाढत नाहीत, दोघांचे वर्ग करून बेरीज आणि मग वर्गमूळ, म्हणजे त्या २० मधून रायफलचे ५ काढले तरी तुमचे स्वतःचे १९.४ उरतातच. आता २ मिमीवाली रायफल आणली तर एकूण होतो १९.५. एवढा खर्च आणि कमाई अर्धा मिमी! ग्रुप छोटा आहे पण एका बाजूला पडतोय, तर साइटचे (नेम धरायच्या भागाचे) क्लिक फिरवा, तो वेगळाच विषय.

तरी नवीन रायफल घेऊन लोकांचा स्कोअर वाढतो हे खरंय, पण बहुतेक वेळा बॅरलमुळे नाही. स्टॉक (हातात-खांद्याला धरायचा सांगाडा) अंगाला बसतो, ट्रिगर हलका आणि स्वच्छ तुटतो, त्यामुळे शेवटच्या क्षणी रायफल हलत नाही, म्हणजे सुधारतो तो तुमचा १९.४ वाला आकडा. मग आधी आहे त्याच रायफलचा बट (स्टॉकचा खांद्याला टेकणारा भाग) आणि ट्रिगर कोचकडून सेट करून घ्या ना. आणि पेलेट बदलून बघा, ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी अशा हेड साइज (पेलेटच्या डोक्याची रुंदी) मिळतात आणि एकाच बॅरलमधून त्यांचे ग्रुप चक्क वेगवेगळे येतात.

ज्याचे जवळपास सगळे शॉट दहाच्या वर्तुळातच पडतात त्याचं गणित वेगळं, तिथे दशांशाचा एक पॉइंट (०.१ गुण) म्हणजे फक्त पाव मिमी, त्याला मी रायफल बदल असं बिनधास्त सांगेन.