न्यूझीलंडमध्ये कमी पैशात छोटं घर बांधता येतं का? घरचे म्हणतात लाकडाचं नको, विटांचंच बांध. काय करू?

बांधता येतं. मी बांधलंय. २०२३ मध्ये, कावेराऊला. ६२ चौरस मीटर, म्हणजे आपले पावणेसातशे फूट, दोन बेडरूम. जमीन धरून साडेतीन लाख न्यूझीलंड डॉलरच्या आसपास गेले. सध्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आलोय. बाहेर ४४ आहे आणि दादाच्या स्लॅबखाली बसून हे लिहितोय, पंखा नुसती गरम हवा फेकतोय. तेव्हा जरा चिडून लिहिलं गेलं तर समजून घ्या.

तुमचे घरचे जे म्हणतात ना, ते मी तीन वर्षं ऐकतोय. माझ्या घराचा लाकडी सांगाडा उभा राहिला त्या दिवशी हौसेनं व्हिडिओ कॉल केला. दादानं फोन ओट्यावर बसलेल्या सगळ्यांसमोर धरला आणि म्हणाला, "हाई घर शे का खोकं शे?" सगळे खो खो हसले. आप्पासुद्धा. त्याच महिन्यात मी वावरातल्या माझ्या हिश्श्याचे पैसे मागितले होते, त्यामुळे खोक्यासाठी वावर विकायचं का, हेही सुनावून झालं. त्या दिवसापासून गावात माझ्या घराचं नाव खोकं.

हसणाऱ्यांपैकी निम्मे लोक लहानपणी धाब्याच्या घरात वाढलेले. सागाचे खांब, वर कडीपाट, त्यावर माती, पावसाळ्याआधी धाब्यावर खारी टाकायची. म्हणजे घराचा भार लाकडावरच होता, भिंत नुसती आडोशाला. तिकडचं घर याहून काही वेगळं नाही. पाइनचे ९० बाय ४५ मिलिमीटरचे उभे दांडे, साधारण ६०० मिलिमीटरच्या अंतरानं, मधे इन्सुलेशन, आतून जिब बोर्ड म्हणजे जिप्समचे पत्रे, बाहेरून फळ्या. फक्त लाकूड कुजू नये म्हणून ट्रीटमेंट केलेलं हवं. नव्वदच्या दशकात तिथं बिनट्रीटमेंटचं लाकूड आणि वरून गुळगुळीत प्लास्टर अशी घरं बांधली गेली, पाणी आत शिरलं, भिंती आतून कुजल्या. तेव्हा जुनं घर विकत घ्यायचा विचार असेल तर त्या काळातलं प्लास्टरवालं घर बघायलाही जाऊ नका.

आणि विटांचं म्हणाल तर कावेराऊशेजारच्या एजकमला २ मार्च १९८७ ला ६.५ चा भूकंप झाला. विटांची धुरांडी कोसळली, लाकडी घरं बहुतेक उभी राहिली. हे मी दादाला सांगितलं तर म्हणतो, आपल्याकडे कुठं भूकंप होतो? अरे, पण मी बांधतोय तिकडे ना! तिकडची 'विटांची' घरंसुद्धा बहुतेक आतून लाकडीच असतात, वीट बाहेरून चढवलेल्या पोशाखासारखी. घरच्यांना तेवढाच पोशाख दाखवायचा असेल तर पैसे तुमचे.

आता खर्च. छोटं घर म्हणजे स्वस्त घर, हा गैरसमज आधी काढा. स्वयंपाकघर एक लागतंच, बाथरूम एक लागतंच, त्यामुळे दर चौरस मीटरला छोटं घर महागच पडतं. पैसा वाचतो तो आकारात: सरळ आयत, साधं दोन उताराचं छप्पर, बाथरूम आणि किचन पाठीला पाठ लावून. कोपरे वाढवले की बिल वाढलं. मी बिल्डरचा तयार नकाशा घेतला आणि त्यातलं काहीही बदललं नाही, रंग मित्रांबरोबर स्वतः दिला.

पैसा जातो जमिनीखाली आणि कागदावर. माती तपासणी, पाया, पाणी-वीज-ड्रेनेजची जोडणी, काउन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, फी. माझ्या करारात मातीकामापुढे 'प्रोव्हिजनल सम' असा आकडा होता. मी तो पक्का समजलो. तो अंदाज असतो! खोदल्यावर बिल जवळपास दुप्पट आलं आणि बिल्डर शांतपणे म्हणाला, करारात लिहिलंय की. लिहिलं होतंच. 'पीसी सम'चंही तसंच, तो नळ-फरशीसारख्या वस्तूंसाठी धरलेला अंदाज. सही करायच्या आधी हे दोन शब्द शोधून खाली रेघ मारा.

जानेवारी २०२६ पासून ७० चौरस मीटरपर्यंतच्या साध्या एकमजली घराला बिल्डिंग कन्सेंट, म्हणजे बांधकाम परवानगी, लागत नाही, पण अटी आहेत, काम परवानाधारकांकडूनच करून घ्यावं लागतं आणि काउन्सिलला आधी-नंतर कळवावं लागतं. मला ही सवलत मिळाली नाही. माझ्या भिंती बंद करायच्या आधी इन्स्पेक्टर येऊन बघून गेला. मला तर ते बरंच वाटलं, आमच्या गावात सळ्या किती टाकल्या हे मिस्त्री आणि देव दोघांनाच ठाऊक.

गावाकडून पैसे न्यायचे असतील तर एनआरओ खात्यातून (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं बँक खातं) वर्षाला दहा लाख अमेरिकन डॉलरपर्यंत नेता येतात. त्यासाठीचे आयकराचे फॉर्म सीएकडून करून घ्या. भावाची सही लागणार असेल तर ती सगळ्यात आधी मिळवा, बाकी सगळं सोपं आहे.

एक राहिलंच. नुसत्या वर्क व्हिसावर घराची जमीन घेता येत नाही, २०१८ च्या कायद्यानं ते बंद केलंय. तुम्ही व्हिसा कोणता ते लिहिलेलं नाही, आणि तो प्रश्न खरं तर पहिला होता. शिवाय लाकडी घराला दर काही वर्षांनी रंग द्यावा लागतो, शेजाऱ्याच्या गवत कापायच्या मशीनचा आवाज आत येतो, आणि पहिल्या हिवाळ्यात हीटर लहान घेतल्यामुळे आम्ही कुडकुडलो. हे दादाला सांगितलेलं नाही.

दादाचं घर चोवीसशे फुटांचं, दोन मजली, अजून हप्ते चालू. वरच्या हॉलमध्ये भाव यायची वाट बघत कापूस भरलाय. त्याच्याखालची खोली घरात सगळ्यात गार, म्हणून दुपारी सगळं घर तिथंच झोपतं. काल वहिनी म्हणाल्या, कापूस विकूच नका, राहू द्या वर. मी दादाकडे बघितलं. तो कूस बदलून झोपला.