वाचकांचे प्रश्न : रात्रीची स्लीपर बस

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात शिकते आणि सुटीत नागपूरला येताना-जाताना खासगी स्लीपर बसनेच प्रवास करते. रेल्वेचे आरक्षण ऐनवेळी मिळत नाही. समृद्धी महामार्गावरील अपघातापासून ती बसमध्ये बसली की मला झोप लागत नाही. तिला हा प्रवास करू द्यावा का? तिकीट काढताना नेमके काय पाहावे? बस पहाटे चारलाच पुण्यात पोहोचते, त्याचीही काळजी वाटते.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपली भीती अनाठायी नाही. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी दगावले. ती बस डाव्या कुशीवर पडली होती. आपल्याकडे बसचे दार डावीकडे असते. त्यामुळे दार जमिनीखाली दबले आणि जे थोडे वाचले ते काच फोडून वर चढून बाहेर आले. म्हणूनच एसी, चार्जिंग, स्वच्छ चादर यांच्या आधी दार बंद झाले तर बाहेर कुठून पडायचे, हे पाहायला हवे.

मुलीला सांगा की बर्थवर सामान टाकल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही. आधी मागची आपत्कालीन खिडकी कुठे आहे, तिच्यासमोर पार्सलचे खोके रचलेले नाहीत ना, छतावरची झडप कोणत्या रांगेवर आहे, हे पाहून घ्यावे. काच फोडायची छोटी हातोडी चौकटीत अडकवलेली असते. पुष्कळदा तिथे नुसती रिकामी खोबण दिसते, कधी ती तारेने इतकी घट्ट बांधलेली असते की सोडवायलाच पक्कड लागावी. तसे आढळल्यास क्लीनरला तिथल्या तिथे विचारावे, त्यात भीड कसली? शक्यतो खालचा आणि आपत्कालीन खिडकीजवळचा बर्थ घ्यावा, कारण अंधारात वरून उतरताना अरुंद वाटेत चेंगराचेंगरी होते. चष्मा, मोबाइल आणि चप्पल हाताशी असावी, कारण फुटलेल्या काचांवरून अनवाणी चालणे फार कठीण असते.

दुसरी गोष्ट चालकाच्या झोपेची. पहाटे दोन ते पाच या वेळात माणसाचे शरीर झोप मागतेच. अनुभवी चालकही त्याला अपवाद नसतो. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती घालून दिली, ती उगाच नव्हे. नागपूर–पुणे हा रात्रभराचा प्रवास आहे, तेव्हा गाडीवर दोन चालक आहेत का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारावे. मात्र ‘दोन आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नये. दुसरा चालक केबिनमध्ये गप्पा मारत बसला असेल, तर पहाटे स्टिअरिंगवर येणारा माणूसही रात्रभर न झोपलेलाच असतो. महामार्ग सरळ असला की डोळे अधिक जड होतात, म्हणून ढाब्यावरचा थांबा लांबला तर मुलीने कुरकुर करू नये.

पहाटेच्या उतरण्याबद्दल म्हणाल, तर वाघोलीच्या नाक्यावर एकटीने अंधारात उतरून रिक्षा शोधण्यापेक्षा, रात्री थोडी उशिरा निघून उजाडल्यावर पोहोचणारी गाडी घेणे बरे, आणि तशी गाडी नसेल तर वर्दळीच्या थांब्यावरच उतरावे. बसचा नोंदणी क्रमांक तिने निघतानाच आपल्याला पाठवावा. तिकिटावरची गाडी आणि प्रत्यक्ष आलेली गाडी पुष्कळदा वेगळी असते. संकटात 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक तिला पाठ असावेत.

तेव्हा प्रवास बंद करण्याचे कारण नाही. पण गाडी आल्यावर हातोडी, खिडकी किंवा चालक यांपैकी काही मनाला पटले नाही, तर भाडे बुडाले तरी चालेल, घरी परत ये, एवढी मोकळीक तिला आपण आधीच देऊन ठेवावी.