आठवडा आठाचा, फोर्टनाइट चौदाचा

म्हापशाच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. डिकेड म्हणजे दहा वर्षं, सेंच्युरी म्हणजे शंभर, मग पाच, बारा, वीस वर्षांना इंग्रजीत वेगळे शब्द आहेत का, फोर्टनाइट आणि पंधरवडा एकच का, आणि बायअ‍ॅन्युअल नि बायेनियल यात फरक काय. मुलीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी हवंय म्हणे.

ताई, आधी फोर्टनाइट घेतो, कारण त्यातच खरी गंमत आहे. तो शब्द म्हणजे फोर्टीन नाइट्सचा आखडलेला अवतार, चौदा रात्री. इंग्रजी ज्यांच्या बोलीतून आली ते जर्मानिक लोक काळ दिवसांनी नाही तर रात्रींनी मोजतात असं टॅसिटस या रोमन इतिहासकाराने पहिल्या शतकाच्या शेवटी लिहून ठेवलंय, ती सवय इंग्रजीत उतरली, जुन्या इंग्रजीत आठवड्यालासुद्धा सेनाइट म्हणजे सात रात्री म्हणायचे. आता आपलं बघा, दिवस सात आणि नाव आठवडा! तुमच्या म्हापशाचाच शुक्रवारचा बाजार घ्या, हा शुक्रवार धरून पुढच्या शुक्रवारपर्यंत बोटं मोजा, आठ भरतात, कारण आपण दोन्ही टोकं धरतो. आणि पोर्तुगीजांचं पण तेच हो, ते पुढच्या आठवड्यातल्या याच वाराला आजपासून आठ म्हणतात आणि दोन आठवड्यांना पंधरा दिवस. साडेचारशे वर्षं राज्य केलं त्यांनी, पण आपल्याला ‘आठ दिवसांनी ये’ म्हणायला त्यांनी शिकवलं नसावं, ते आपलं आधीपासूनचंच.

पंधरवड्याचा हिशोब मात्र थोडा वेगळा, त्यात पंधरा तिथी असतात आणि तिथी दिवसापेक्षा जराशी लहान, त्यामुळे पक्ष साधारण पावणेपंधरा दिवसांत संपतो. म्हणजे फोर्टनाइटच्या जवळ, पण तोच नव्हे. गोव्यात उतरणारा ब्रिटिश टुरिस्ट फोर्टनाइट राहणार म्हणाला की चौदा रात्रींचंच बिल करायचं. अमेरिकन माणूस हा शब्द सहसा वापरत नाही.

आता वर्षं. पाच वर्षांना लस्ट्रम. रोममध्ये सेन्सॉर नावाचे अधिकारी पाच वर्षांनी शिरगणती करायचे, ती आटोपली की शुद्धीचा विधी व्हायचा, त्या विधीचं नाव लस्ट्रम, पुढे ते मुदतीलाच चिकटलं. क्विंक्वेनियम पण चालतं, पण बोलताना कोण म्हणतंय! तीन वर्षांचं ट्रायेनियम मात्र आपल्याकडे जिवंत आहे, देवस्थानच्या महाजनांची कमिटी तीन वर्षांसाठी निवडतात तेव्हाच्या इंग्रजी नोटिसा वाचा, दिसेल. वीसला स्कोअर, मूळ अर्थ खाच, वस्तू मोजताना वीस झाले की काठीवर एक खाच मारायची. लिंकन १८६३ च्या गेटिसबर्गच्या भाषणात फोर स्कोअर अँड सेव्हन म्हणतो ती ८७ वर्षं, म्हणजे १७७६ साल. आपली कोडी पण वीसचीच, फक्त आपण तिने वर्षं मोजत नाही. आणि बारा वर्षांना रोजच्या इंग्रजीत सुटसुटीत शब्दच नाही, तिथे आपण तप म्हणून मोकळे होतो.

डिकेड मुळात वर्षांचा शब्दच नव्हे, दहाचा कुठलाही गठ्ठा म्हणजे डिकेड. शेजारच्या किरिस्तांव घरात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात ना, त्यातल्या दहा हेल मेरींना इंग्रजीत आजही डिकेडच म्हणतात. सेंच्युरीचंही तेच, नाहीतर बॅट्समनची सेंच्युरी कुठून आली असती?

बायअ‍ॅन्युअल म्हणजे वर्षातून दोनदा, बायेनियल म्हणजे दोन वर्षांतून एकदा. लक्षात ठेवायला जुन्या गोव्याचं सेंट झेवियरचं शवप्रदर्शन धरा, २००४, २०१४, २०२४, दर दहा वर्षांनी, ते डिसेनियल. शेवटी एनियल आलं की इतक्या वर्षांतून एकदा. अपवाद पेरेनियल, ते बारमाही. बायवीकली आणि बायमंथली यांच्यापासून मात्र लांबच राहा, डिक्शनऱ्या स्वतःच दोन्ही अर्थ देतात, आठवड्यातून दोनदा पण आणि दोन आठवड्यांनी पण, असला शब्द काय कामाचा. आपलं द्वैमासिक बघा, दोन महिन्यांनीच येणार, भांडणच नाही.

आणि हो, मुलीला सांगा मिलेनियममध्ये एल दोन आणि एन पण दोन, लॅटिन आन्नुस म्हणजे वर्ष त्यात आहे. घरात कुणी पोर्तुगीज शिकलेलं असेल तर ते एकच एल, एकच एन सांगतील, ते त्यांच्या भाषेत बरोबर आहे, १९११ च्या सुधारणेत त्यांनी असली जोडअक्षरं काढून टाकली. घरातल्या जुन्या कागदांवर वर्षाच्या शब्दात दोन एन सापडले तर फोटो काढून प्रोजेक्टला चिकटवा.