मोजायचं की मानायचं?

प्रश्न : सर, इंग्रजीतलं 'रेकन' (reckon) म्हणजे मोजणं की वाटणं? डिक्शनरीत दोन्ही दिलंय. (एक विद्यार्थिनी, उदगीर)

उत्तर : दोन्ही. आधी मोजदाद, मग 'आय रेकन' म्हणजे 'माझ्या हिशेबानं'. आमचे वडील लातूरच्या आडतीत दिवसभर सोयाबीनची पोती गणायचे अन् घरी येऊन म्हणायचे, "मला हितं कुणी गणतच नाही!" क्रियापद तेच की! पेपरात मात्र 'आय रेकन' नको, ते बोलण्यातलं.

'मानणं'साठी दुसरं इंग्रजी क्रियापद 'डीम' (deem); त्यात बहुतेकदा अधिकारानं मानणं येतं. १९५६च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम ३ खालची 'डीम्ड' म्हणजे अभिमत विद्यापीठं त्यातलीच. 'डीम'चा सख्खा भाऊ 'डूम' (doom) : जुन्या इंग्रजीत निवाडा, आता सर्वनाश. आपणही म्हणतोच ना, 'त्याचा निकाल लागला'!